गॅस संपत नाही, गळतो : दादाच्या एसीच्या दुकानाची जाहिरात

माझा थोरला भाऊ सोलापुरात फक्त गाड्यांच्या एसीचे काम करतो. इंजिन, क्लच, ब्रेक, डेंटिंग-पेंटिंग यांपैकी काहीही त्याच्याकडे होत नाही. तीन गाड्या उभ्या राहतील एवढी पत्र्याची शेड, दोन कारागीर, एक शिकाऊ मुलगा आणि तो स्वतः, एवढाच त्याचा पसारा आहे. मी एका कार्यालयात हिशेबाचे काम करते आणि गेले तीन उन्हाळे संध्याकाळी घरी आल्यावर त्याच्या दुकानाच्या फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवरच्या जाहिराती सांभाळते. एकाच प्रकारचे काम करणाऱ्या छोट्या दुकानाने जाहिरात कशी करावी याविषयी जे सल्ले सहज ऐकायला मिळतात, ते बहुतेक कपड्यांच्या किंवा खाण्याच्या दुकानाला लागू पडणारे असतात. आमच्या कामाला ते कसे लागू पडले नाहीत आणि त्याऐवजी काय उपयोगी पडले, हे मला सविस्तर लिहून ठेवायचे आहे.

पूर्वी दादाला जाहिरातीची गरज नव्हती. शहरातले बाकीचे मेकॅनिक एसीचे काम आले की गाडी त्याच्याकडे पाठवत असत. पुढे गॅसचे साडेचारशे ग्रॅमचे छोटे कॅन सगळीकडे मिळू लागले आणि ज्याच्या हाताशी एक पाइप आणि दाब मोजायचे एक गेज आहे तो प्रत्येक जण स्वतःच गॅस भरू लागला. दादाकडे येणारी गाडी आता तीन ठिकाणी गॅस भरून, चौथ्यांदा गार न झाल्यावर येऊ लागली आणि तोवर मालकाचा एसीवाल्या सगळ्याच जमातीवरचा विश्वास उडालेला असे. अशा माणसापर्यंत दुकानाने स्वतःहून आणि आधी पोहोचायला हवे, असे माझ्या वहिनीचे म्हणणे पडले आणि तिथून जाहिरातीची सुरुवात झाली.

पहिल्या उन्हाळ्यात आम्ही हे काम जाहिराती करून देणाऱ्या एका गृहस्थांकडे सोपवले. त्यांनी परदेशातल्या पांढऱ्याशुभ्र गाडीचे चित्र घेतले, त्याभोवती बर्फाचे स्फटिक पेरले आणि मोठ्या अक्षरांत गॅस भरण्याचा एक अगदी कमी दर लिहिला. पोस्टखालचे ‘बूस्ट’चे बटण दाबून पैसे भरले गेले आणि पंधरा दिवसांत लाइकचा आकडा इतका वाढला की आम्हां सगळ्यांना आनंद झाला. मी नंतर ती नावे एकेक करून पाहिली, तेव्हा त्यांत अजून गाडीच नसलेली कॉलेजची मुले बरीच होती. जाहिरात देताना आपल्याला काय हवे आहे ते फेसबुकच्या यंत्रणेला सांगावे लागते; लाइक आणि प्रतिक्रिया हव्यात असे सांगितले, की ती सहज लाइक करत सुटणाऱ्या माणसांपुढेच आपली जाहिरात नेऊन ठेवते. तिने सांगितलेले काम चोख केले होते, फक्त आमच्या कामाचे ते नव्हते.

पण पैसे वाया गेले याहून मोठे नुकसान शेडमध्ये होत होते. एके दिवशी दुपारी एक निवृत्त गृहस्थ जाहिरात वाचून आपली दहा वर्षांची गाडी घेऊन आले. दादाने गेज लावले, बॉनेटखाली पाहिले आणि कंडेन्सर, म्हणजे गाडीच्या तोंडाशी असलेली, गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, गळतो आहे, नुसता गॅस भरून उपयोग नाही, असे त्यांना सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मोबाइल पुढे करून त्यावरचा दर दाखवत शांतपणे म्हणाले, “जाहिरातीत एक आणि इथं एक. वयस्कर माणूस बघून सांगताय का?” दादा त्यांना उत्तर देऊ शकला नाही, कारण त्यांच्या जागी उभे राहिले तर तेच खरे वाटत होते. त्याने त्याच संध्याकाळी मला फोन करून जाहिरात बंद करायला सांगितले. नंतर मी वाचले, की 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 10 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून 2022 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये कमी दराचे आमिष दाखवून ग्राहकाला दुकानापर्यंत आणण्याच्या जाहिरातींविषयी आणि ‘मोफत’ या शब्दाच्या वापराविषयी स्वतंत्र नियम आहेत. आमच्या मनात फसवणूक नव्हती हे खरे. पण ते गृहस्थ जे वाचून आले होते ते आम्हीच लिहवून घेतले होते.

गॅसचा दर जाहिरातीत का लिहिता येत नाही हे समजण्यासाठी एसीचे काम थोडे समजून घ्यावे लागते, आणि खरे तर आमच्या पुढच्या सगळ्या जाहिराती या समजण्यातूनच निघाल्या. गाडीचा एसी ही बंदिस्त नळ्यांची साखळी आहे. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि डॅशबोर्डच्या आतली कूलिंग कॉइल यांतून एकच गॅस पुन्हा पुन्हा फिरत राहतो. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांत तो आर-134ए असतो. उणे 26 अंशांना उकळणारा, रंग नसलेला, वास जवळजवळ नसलेला. तो पेट्रोलसारखा जळत नाही, त्यामुळे तो ‘संपण्याचा’ प्रश्न येत नाही. रबरी होजमधून वर्षांनुवर्षांत थोडाफार झिरपतो ते सोडले, तर गॅस कमी झाला याचा अर्थ तो कुठून तरी गळतो आहे एवढाच होतो. ती जागा न शोधता वरून गॅस भरला तर दोन महिन्यांत तोही हवेत जातो, आणि हवेत गेलेला हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,400 पट उष्णता धरून ठेवतो. शिवाय गाडीत किती ग्रॅम गॅस हवा ते बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेले असते. उघडी झालेली साखळी पुन्हा भरताना आधी अर्धा तास तरी व्हॅक्यूम मारून आतली हवा आणि ओल काढावी लागते आणि मग वजनकाट्यावर मोजून गॅस सोडावा लागतो. अंदाजाने जास्त भरला तर दाब वाढून एसी उलट कमी गार होतो. हे सगळे न पाहता आधीच एक आकडा सांगणे म्हणजे नाडी न पाहता औषधाचे बिल सांगण्यासारखे आहे.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडावर दादा आणि मी जेवणानंतर बसलो होतो. जाहिरातीत काय लिहायचे, असे मी विचारले तेव्हा तो सहज म्हणाला, “अगं, मी दिवसातून दहा वेळा एकच वाक्य बोलतो की, गॅस संपत नसतो, गळतो.” तेच वाक्य आम्ही मथळा म्हणून घेतले. त्याखाली एवढेच लिहिले, की आम्ही आधी गळती शोधतो, ती तुम्हांला तुमच्या डोळ्यांनी दाखवतो, खर्च सांगतो आणि तुम्ही हो म्हणालात तरच पुढचे काम करतो. तपासणीचे पैसे किती लागतील तेही स्पष्ट लिहिले. तपासणी मोफत ठेवण्याचा आग्रह अनेकांनी धरला होता, पण अर्धा-पाऊण तास खर्च करून गळती शोधणे हेच ज्याचे खरे कौशल्य आहे त्याने तेच मोफत म्हणून जाहीर करावे, हे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही.

त्या मथळ्यासोबत आम्ही चाळीस सेकंदांचा एक व्हिडिओ केला. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही साखळीतून फिरत असते, म्हणून जिथून गॅस निसटतो तिथे तेलाचा अगदी बारीक थर येतो आणि त्यावर धूळ बसून एक काळपट, ओलसर डाग तयार होतो. तो डाग ओळखायला सवयीचा डोळा लागतो. सामान्य माणसाला दिसावे यासाठी साखळीत आधी चमकणारा रंग सोडायचा, एसी काही वेळ चालवायचा आणि मग अतिनील किरणांची टॉर्च मारायची. व्हिडिओ घेताना शेडचे शटर अर्धे खाली ओढले, मी माझी ओढणी बॉनेटवर आडवी धरली आणि दादाने पिवळा चष्मा लावून जांभळी टॉर्च कंडेन्सरवरून हळूहळू फिरवत नेली. खालच्या कोपऱ्यात, महामार्गावरच्या एखाद्या ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या खड्याने पाडलेल्या टोचणीएवढ्या छिद्राभोवती पोपटी रंगाचा ठिपका एकदम पेटल्यासारखा दिसला. शेजारी उभे असलेले गाडीचे मालक “अरे, हे काय!” असे उद्गारले. तो त्यांचा आवाज आम्ही त्यांची परवानगी घेऊन तसाच ठेवला आणि गाडीचा नंबर मात्र झाकला. दुकानाच्या पानावर आजवर जे काही टाकले आहे त्यांत एवढा परिणाम दुसऱ्या कशाचाही झालेला नाही. बर्फाचे स्फटिक पाहून माणसाला गार वाटते, एवढेच. हा ठिपका पाहिल्यावर तो आपल्या गाडीत काय झाले असेल याचा विचार करू लागतो.

या वेळी जाहिरातीचा हेतू आम्ही व्हॉट्सॲपवर संदेश यावेत असा निवडला. जाहिरातीला स्पर्श केला की थेट दुकानाच्या व्हॉट्सॲपवर संवाद उघडतो. तिथे आम्ही तीनच प्रश्न ठेवले आहेत: गाडी कोणती आणि किती सालची, शेवटचा गॅस कधी भरला, आणि एसी मुळीच गार होत नाही की चालत्या गाडीत होतो आणि सिग्नलला थांबल्यावर होत नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वाचून दादाला निम्मे निदान घरबसल्या होते, कारण थांबल्यावर गारवा जात असेल तर दोष बऱ्याचदा पंख्यात किंवा धुळीने बुजलेल्या कंडेन्सरमध्ये असतो आणि गॅसला हात लावायची गरजही पडत नाही. असे दोन-चार जणांना त्याने संदेशातच “आधी कंडेन्सर पाण्याने धुऊन घ्या आणि मग बघा” असे सांगितले. त्यांच्याकडून एक रुपया मिळाला नाही; पण त्यांतल्या एकांनी पुढे आपल्या कार्यालयातल्या दोन गाड्या पाठवल्या.

जाहिरात कोणाला दाखवायची, हा भाग मला सर्वांत शिकवून गेला. सुरुवातीला मी ‘गाड्यांची आवड असलेले लोक’ असा गट निवडला होता, आणि तो साफ चुकीचा निघाला. गाड्यांचे व्हिडिओ आवडीने पाहणारा वेगळा आणि तापलेल्या गाडीत आईला दवाखान्यात घेऊन जाणारा वेगळा. दुसऱ्याला गाड्यांची आवड असेलच असे नाही. त्याला फक्त एसी चालू हवा असतो. म्हणून मी आवडीनिवडी काढून टाकल्या, वय पंचवीसच्या पुढचे ठेवले आणि नकाशावर शेडभोवती वर्तुळ काढले. वर्तुळ किती मोठे असावे यावर घरात बरीच चर्चा झाली. दादाला फक्त शहर हवे होते. मी ते अक्कलकोट, तुळजापूर आणि मोहोळ आत येतील एवढे मोठे केले, कारण ही यंत्रणा त्या भागात राहणाऱ्यांबरोबरच नुकतेच तिथे येऊन गेलेल्यांनाही जाहिरात दाखवते. इतर गावांच्या दुकानदारांना हा पैशांचा अपव्यय वाटेल. सोलापूरची गोष्ट वेगळी आहे, कारण स्वामींच्या, भवानीमातेच्या आणि पंढरीच्या दर्शनाला पुण्याहून, हैदराबादहून आणि विजापूरकडून निघालेल्या गाड्या आमच्याच भागातून जातात. मे महिन्याच्या बेचाळीस अंशांत, लहान मूल आणि आजी मागच्या सीटवर असताना, अक्कलकोटहून परतणाऱ्या पुण्याच्या कुटुंबाचा एसी बंद पडला तर त्यांना आणखी अडीचशे किलोमीटर तसेच जायचे असते. असे एक कुटुंब आमच्याकडे आले तेव्हा वहिनीने आजींना आणि मुलाला घरात नेऊन पंख्याखाली बसवले आणि इकडे दोन तासांत नळ्यांच्या जोडातली रबरी कडी (ओ-रिंग) बदलून, व्हॅक्यूम मारून, मोजून गॅस भरून गाडी दिली. त्यांनी अक्कलकोटला जेवायला थांबल्यावर मोबाइलमध्ये जाहिरात पाहिली होती.

भाषेचा प्रश्न सोलापुरात टाळता येत नाही. शहराच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटकडे कन्नड, आणि मराठी-हिंदी सर्वत्र. मी आधी जाहिरातीचा मजकूर तेलुगू लिपीत करून घेणार होते, पण आमच्या शिकाऊ मुलाने, जो स्वतः पूर्व भागातला आहे, मला थांबवले. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्या वयाचे बरेच जण घरात तेलुगू बोलतात, पण शाळा मराठीत झाल्यामुळे वाचताना त्यांना मराठीच सोपे जाते. मग त्यानेच त्या टॉर्चच्या व्हिडिओवर तेलुगूत आवाज दिला आणि खाली अक्षरे मराठीत ठेवली. कितीतरी लोक आवाज बंद ठेवूनच व्हिडिओ पाहतात, म्हणून खालची अक्षरे हवीतच. पण ज्याने आवाज चालू केला त्याला आपल्या घरातली भाषा ऐकू येते. तो व्हिडिओ पाहून आलेले लोक शेडमध्ये शिरताच त्या मुलाला शोधतात आणि त्याच्याशी तेलुगूत बोलू लागतात. त्याचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा असतो.

खर्चाबद्दल थोडक्यात. आम्ही मार्च ते मे या काळात रोज दोनशे-तीनशे रुपयांच्या वर जात नाही. रोजच्या रकमेऐवजी पूर्ण काळासाठी एकच रक्कम ठरवली तर दिवसाच्या कोणत्या तासांत जाहिरात दिसावी हेही निवडता येते. आम्ही दुपारी बारा ते रात्री नऊ ठेवतो, कारण सकाळी गार हवेत एसीची आठवण कोणाला होत नाही आणि रात्री उशिरा आलेल्या संदेशाला उत्तर देणारे कोणी जागे नसते. ज्या संदेशाला तासाभरात उत्तर जात नाही तो माणूस दुसरीकडे गेलेला असतो, हा आमचा तीन वर्षांचा अनुभव आहे.

याहूनही महत्त्वाची गोष्ट मला जाहिरात बंद करण्याबाबत वाटते. शेडमध्ये तीनच जागा आहेत आणि कूलिंग कॉइल गळत असेल तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. अशी एक गाडी आली की एक जागा दिवसभर अडकते. गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एवढे संदेश आले की दादाने लोकांना चार-चार दिवसांनंतरची वेळ दिली, कारागिरांनी रात्री उशिरापर्यंत काम केले आणि घाईत एका गाडीच्या होजचा जोड नीट बसला नाही. ती गाडी आठ दिवसांत परत आली. दादाने ती पैसे न घेता दुरुस्त करून दिली आणि मालकांची क्षमाही मागितली, परंतु त्याला त्या गोष्टीचा फार त्रास झाला. तेव्हापासून आम्ही ठरवले आहे की पुढच्या दोन दिवसांच्या वेळा भरल्या की मी त्याच क्षणी जाहिरात थांबवायची. तशी सोय मोबाइलवरच आहे, एका बटणाचे काम आहे. जाहिरात करून देणारे लोक असे करू नका, त्याने यंत्रणेची घडी विस्कटते असे सांगतात. त्यांचे त्यांच्या परीने खरेही असेल. पण घाईत बसवलेल्या होजची जबाबदारी त्यांच्यावर येत नाही.

जाहिरात पाहिलेला माणूस थेट येतो असेही नाही. तो आधी गूगल नकाशावर दुकानाचे नाव टाकून लोकांनी काय लिहिले आहे ते वाचतो. म्हणून काम झाल्यावर, गाडीतल्या झडपेत थर्मामीटर धरून किती अंशांची हवा येते ते दाखवतानाच, दादा ग्राहकाला अभिप्राय लिहिण्याची विनंती करतो. अभिप्रायाच्या बदल्यात सवलत देणे गूगलच्या नियमांत बसत नाही, आणि आम्ही ती देतही नाही. प्रत्येक गाडीच्या कामाची नोंद असलेल्या जॉब कार्डावर मी ‘आमच्याबद्दल कुठून कळले’ असा एक रकाना वाढवला आहे. रविवारी ती कार्डे घेऊन बसले की लक्षात येते, की अजूनही सर्वाधिक गाड्या जुन्या ग्राहकांच्या सांगण्यावरून येतात. मात्र त्या जुन्या ग्राहकांतही जाहिरातीतून पहिल्यांदा आलेले लोक आता दिसू लागले आहेत. पहिल्या उन्हाळ्यात मोबाइल पुढे करून दर दाखवणाऱ्या त्या निवृत्त गृहस्थांचे कार्डही गेल्या मार्चमध्ये त्या गठ्ठ्यात सापडले. त्यांनी टॉर्चचा व्हिडिओ पाहिला होता आणि ते दादाला म्हणाले होते, “तेव्हाच हे दाखवलं असतं तर मी गेलो नसतो.” त्यांचा कंडेन्सर आमच्याकडेच बदलला.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की संदेश एकदम ओसरतात आणि आजवर आम्ही त्या महिन्यापासून जाहिरात बंद ठेवत आलो. पण पावसात पुढच्या काचेवर आतून धुके धरते आणि ते झटपट घालवायला एसीच लागतो, कारण तो हवेतली ओल काढून घेतो. एसी बंद असलेल्या गाडीत माणूस एका हाताने फडके मारत आणि दुसऱ्या हाताने गाडी चालवत असतो. आषाढी वारीच्या दिवसांत पंढरपूरच्या रस्त्यावर अशा कितीतरी गाड्या असतात. यंदाच्या जुलैसाठी आम्ही या धुक्याचाच व्हिडिओ करणार आहोत: शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीत चौघे जण काचा लावून बसतील, बाहेरून पाण्याचा पाइप सोडू, काच धूसर होऊ देऊ आणि मग दादा एसीचे बटण दाबील. तेलुगूबरोबर या वेळी कन्नड आवाजही हवा आहे. अक्कलकोटचा एक रिक्षाचालक ग्राहकाला सोडायला आमच्याकडे येत असतो, त्याचा आवाज मोठा गोड आहे. त्याला विचारले आहे आणि तो हो म्हणाला आहे.